अख्ख्या पडवीला ठाऊक

गुरुवार, ता. २० नोव्हेंबर १९५८

आज दवाखान्यात धडधडीत खोटं बोलले. आणि एकटी नाही बोलले — पडवीत बसलेल्या झाडून साऱ्या बायकांनी मला साथ दिली!

पोळा झाला आणि गावात सरकारी दवाखाना उघडला. भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास येतो. दर गुरुवारी पोटुश्या बायकांचा वार. नर्सबाई आहेत आनंदाबाई, हिंगणघाटच्या. उंच, चष्मा लावणाऱ्या, पांढऱ्या लुगड्याला निळी किनार. त्या पडवीत टेबल टाकून बसतात आणि एकेकीला पुकारून मोठ्या आवाजात विचारतात — कितवा महिना? कितवी खेप? आधीचं एखादं गेलं का? बाजारात वांग्यांचा भाव विचारावा तसं! मागे बायकांची ओळ, ओळीच्या मागे कुंपण, कुंपणापलीकडे बिडी ओढत बसलेली म्हातारी मंडळी.

माझा नंबर आला. कितवा? "चवथा." कितवी खेप? "पयलीच."

चौथा नाही, सहावा सरत आलाय. पहिली नाही, तिसरी आहे. मी हे बोलले तेव्हा मागे कोणी खोकलंसुद्धा नाही. धुरपता तर (ती आमच्या मागच्या घरची, तिलाही दिवस आहेत) गंभीर चेहरा करून म्हणाली, "हो वो बाई, नवीनच हाये बिचारी." नवीनच! माझ्या लग्नात हिनेच भांडी घासली होती.

ही सारी सासूबाईंची आज्ञा. मनकर्णाबाईंचा शब्द म्हणजे घरात कायदा. महिने दोन कमी सांगायचे म्हणजे नजर लावणाऱ्याचा हिशेब चुकतो. आणि गेलेल्यांचं नाव काढायचं नाही, नाव काढलं की ती मागे वळून बघतात, आणि येणारं त्यांच्या वाटेने जातं. मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली आहे. मी सातवी पास! पुलगावच्या शाळेत मला विज्ञानात पैकीच्या पैकी गुण होते. पण शपथ सासूबाईंच्या गळ्याची आहे, विज्ञानाच्या नाही.

दोन्ही आठव्यात गेली. इथे लिहिलं. आता पुन्हा लिहिणार नाही.

रविवार, ता. २३

आज धाडस करते. ह्यांचं नाव लिहिते.

चिंधू.

झालं! वीज पडली नाही. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं; लिहायचं नसतं असं मात्र कोणी सांगितलेलं नाही.

या नावामागे सासूबाईंचा सगळा भरवसा आहे. ह्यांच्या आधी त्यांची तीन गेली. चौथे हे झाले तेव्हा सुईणीने सुपात घालून मागच्या दाराने बाहेर काढले आणि शेजारच्या तानाबाईंना विकले. किंमत — एक फाटकी चिंधी. मग तानाबाईंनी ते सूप पुढच्या दाराने आणून दिलं: "माह्या पोट्टा सांभाळ व जरा." म्हणजे मूल तानाबाईंचं, सासूबाई नुसत्या राखणदार. दैव फसलं, मूल जगलं!

गंमत म्हणजे हे नाटक अजून चालू आहे. हे तानाबाईंना "माय" म्हणतात आणि आपल्या आईला "काकू". सासूबाई तोंडाने कधी "माझा मुलगा" म्हणत नाहीत. मला विचारतात, "तानाबाईचा पोट्टा जेवला का व?" तानाबाईंना स्वतःचं मूल नाही, त्यामुळे त्यांनी हा व्यवहार अगदी मनावर घेतला आहे. दिवाळीला पहिली ओवाळणी त्यांची. ह्यांना ताप आला की दोघी उशाशी बसून भांडतात, आणि सासूबाई हरतात. विकला ना!

म्हणजे मला सासवा दोन. एक जन्माची, एक खरेदीची. माहेरी, नाचणगावला, आई म्हणते, पोरी, तुझं नशीब दुप्पट. हो, आणि भाकऱ्यासुद्धा!

गुरुवार, ता. २७

आज आम्हाला कापसाच्या काट्यावर तोललं!

दवाखान्याचं वजनाचं यंत्र अजून आलंच नाही. आनंदाबाई म्हणे वाट पाहून थकल्या. मग त्यांनी हिरालाल शेटकडून कापूस तोलायचा काटा आणवला, पडवीच्या आढ्याला टांगला, एका पारड्यात दगडी मापं, दुसऱ्यात पाट. आणि त्या पाटावर आम्ही! धुरपता चढली आणि ओरडली, "बाई, यंदा भाव काय लावता?" पडवी नुसती फुटली. आनंदाबाईसुद्धा हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले.

मी एक मण नऊ शेर भरले. घरी सांगितलं तर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. तोललेलं मूल वाढत नाही म्हणे. लगेच मीठ-मोहऱ्या उतरल्या. मग तानाबाई आल्या, त्यांनी वेगळ्या उतरल्या. मोहऱ्यांचा डबा रिकामा झाला, उद्या फोडणीला काय घालू?

शुक्रवार, ता. २८

दवाखान्यातून मिळालेली दुधाची भुकटी आमच्या कालवडीला फार आवडते. मी घेत नाही असं नाही, पण तिच्याकडे पाहून मला ती जास्त गरजू वाटते.

गुरुवार, ता. ११ डिसेंबर

आज दोन गोष्टी घडल्या. दोन्हींनी गाव ढवळून निघेल.

पहिली. आनंदाबाई आता प्रत्येकीला काचेची नळी देऊन आडोशाला पाठवतात, आणि मग ती नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरून उकळतात. आत ढग आला तर खराब, स्वच्छ राहिलं तर छान. धुरपताने बाहेर येऊन जाहीर केलं: "बाई मूत शिजवते!" कुंपणापलीकडच्या एका म्हाताऱ्याने बिडी टाकली आणि उठून गेला. माझी नळी स्वच्छ निघाली. मला उगीच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

दुसरी. आज प्रथमच आत खाटेवर निजवून पोट तपासलं. मध्ये पडदा आहे, पण तो एवढा आखूड की बाहेरून सगळ्यांचे पाय दिसतात आणि आतलं सगळं ऐकू येतं. आनंदाबाईंनी बोटं मोजली, पुन्हा मोजली, कपाळाला आठी घातली.

"पाचवा म्हणतेस ना? मग पोट एवढं वर कसं? कांता, मला वाटतं तुला जुळं आहे!"

मी काय बोलणार? चौथ्याचा पाचवा झाला, पाचव्याचं पोट सातव्याचं, हिशेब बिचारीने बरोबरच केला! पडद्याखाली दहा-बारा पायांची बोटं एकदम आखडली. सगळ्या हसू दाबत होत्या. मीही दाबलं. पोट हललं, तर आनंदाबाई म्हणाल्या, "बघ, दोघं लाथा मारतात."

रविवार, ता. १४

जुळ्याची बातमी रोहण्याच्या बाजारापर्यंत पोचली. भाजीवालीने मला एकाच्या पैशात दोन मुळे दिले.

सगळ्यांना ठाऊक आहे की जुळं नाही, महिने खोटे आहेत. तरी सगळे जुळ्याबद्दल बोलतात! तानाबाई तर आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "एक माह्या, एक मनकर्णेचा. पयलेच सांगून ठेवते." सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन्हीबी तूच घे. तुले सवय हाये."

हे हसले. मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

गुरुवार, ता. १८

आज डॉक्टरसाहेब आले. ओमप्रकाश नाव, जीपमधून येतात, तालुक्यातले सगळे दवाखाने एकट्याच्या गळ्यात. आनंदाबाईंनी मला मुद्दाम दाखवलं.

माझ्या वाट्याला आलेले डॉक्टर असे: "नाम? महिना?" पाचवा, आनंदाबाई म्हणाल्या. "पहिला बच्चा?" हो. "जुडवा होगा. अच्छा है. लोहे की गोली खाओ. महिन्याने या." पुढची!

हात लावला नाही, मान वर केली नाही. माझं नाक कसं आहे हे त्यांना आजही सांगता येणार नाही. आनंदाबाई म्हणाल्या, साहेब, प्रेशर बघायचं होतं. तर ते यंत्र दुरुस्तीला गेलंय. मागच्या खेपेलाही दुरुस्तीला गेलं होतं. त्या यंत्राइतकं हिंडणारं गावात दुसरं कोणी नाही!

पण त्यांना तरी काय बोलू? चांगलं पाहिलं असतं तरी खोट्याच महिन्याचं पाहिलं असतं.

मंगळवार, ता. ३०

जोडवी निघत नाहीत.

साबण लावला, तेल लावलं. पायावर बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. हे मला माहीत आहे. दोन्ही वेळा असंच झालं होतं.

आज काही गंमत सुचत नाही.

गुरुवार, ता. १ जानेवारी १९५९

इंग्रजी नवं वर्ष. आनंदाबाईंनी सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या दिल्या.

माझे पाय पाहून त्या थांबल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "सहावा... जुळं... वजनानं थोडी सूज येते. पाय उंच ठेवून नीज." आणि धीर द्यायला पाठीवर हात ठेवला. एवढा उबदार हात! मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. समोर काटा टांगलेला, मागे ओळ, कुंपणावर म्हातारे, आणि सासूबाईंचा गळा डोळ्यांपुढे. मिटलं.

पडवीतल्या एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. ज्या बायका एरवी माझ्या भाजीत किती मीठ पडलं ते सांगू शकतात, त्या!

मला हे मूल हवं आहे. फार हवं आहे. मी रोज चेष्टा करते म्हणजे नको आहे असं नाही.

गुरुवार, ता. ८

नळीत पातळसा ढग. "पुढच्या खेपेला बघू," आनंदाबाई म्हणाल्या. आपल्याला वेळ आहे, असंही म्हणाल्या. त्यांच्या हिशेबाने आहेच.

बुधवार, ता. १४ — संक्रांत

हळदीकुंकवाला बायका आल्या. मी ओट्यावर पाय उंच ठेवून, महाराणीसारखी. डोकं ठणकतंय. तीळगूळ देताना धुरपता कानाशी म्हणाली, "सांगून टाक ना व. मी सांगू का?" मी म्हटलं, सासूबाईंचा गळा. ती म्हणाली, "अन् तुह्या?"

एवढ्यात सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. धुरपता लगेच तिळाच्या भावाबद्दल बोलायला लागली. पण मला वाटतं सासूबाईंनी ऐकलं. माझ्या कपाळाला कुंकू लावताना त्यांचं बोट नाकापर्यंत घसरलं.

शनिवार, ता. १७ — वर्धा

काय काय झालं! दोन दिवस लिहायला मिळालं नाही. आता दवाखान्याच्या पलंगावर आडवी पडून लिहिते आहे, ओळी वाकड्या जातात.

परवाचा गुरुवार. सासूबाई प्रथमच माझ्याबरोबर आल्या, म्हणे भुकटीचा डबा मी उचलू नये म्हणून. पायरीवर डबा मांडीत घेऊन बसल्या. डॉक्टरसाहेबही आलेले. आनंदाबाईंनी माझी नळी दिव्यावर धरली. आणि ती आत गोठली. दही लागावं तशी, पांढरी, घट्ट. नळी उपडी केली तरी थेंब पडेना. आनंदाबाईंचा चेहराही तसाच पांढरा.

"कांता. खरं सांग. सहावाच ना?"

मी पडवीकडे पाहिलं. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. आनंदाबाईंचं दवाखान्यातलं शुद्ध मराठी तिथेच संपलं.

"काऊन व! मले येडी समजता का तुम्ही समद्या? पोरगी मरून जाईन न माह्या हातात!"

तेव्हा पायरीवर डबा खणकन पडला. भुकटी उडाली, सासूबाईंचं लुगडं, हात, पापण्या, सगळं पांढरं. त्या उभ्या होत्या.

"आठवा हाये, बाई," त्या म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अन् पयली नाई. तिसरी हाये. पयली पोट्टी होती. दुसरा पोट्टा होता. दोघंबी असेच सुजून, डोकं दुखून, आठव्यात गेले. मीच म्हनलं होतं तिले, सांगू नोको. लिवा आता."

 मला वाटलं, सासूबाई आता खाली पडतील. डॉक्टरसाहेबांनी मान वर केली. पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "माताजी, झूठ क्यों बताया?"

"मंग पडवीत काऊन इचारता?" सासूबाई म्हणाल्या. "आतमंधी, कानात इचारलं असतं तं कानात सांगितलं असतं."

 आणि मग ती पडवी उसळली! धुरपता पुढे झाली, "बाई, माह्याबी पाचवा नाई, सातवा हाये." तिच्या मागची, "माहं एक गेलतं, मी सांगितलं नाई." अजून एक, "मी दोन महिने कमी सांगितले." सगळ्या एकदम! इतके दिवस दाबलेले महिने धो धो बाहेर पडत होते. आनंदाबाई इकडे रडत होत्या आणि तिकडे वहीतले महिने खोडत होत्या.

साहेबांनी मला जीपमध्ये स्वतःच्या जागी, पुढे बसवलं. स्वतः मागे सासूबाईंशेजारी, माझ्यावर ऊन येऊ नये म्हणून हातात छत्री धरून. जेवण व्हायचं होतं, तसेच निघाले. माणूस वाईट नाही. वर पाहायची सवय नव्हती एवढंच.

वाटभर सासूबाईंनी मागून माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा: "मी बोलली व कांते. मीच नाव काढलं."

सोमवार, ता. १९

इथे प्रेशरचं यंत्र आहे. आणि ते दुरुस्तीला गेलेलं नाही! दिवसातून इतक्यांदा दंडाला आवळतात की त्याचं लग्न माझ्याशीच लावून टाकावं.

वाईट बातमी: मीठ बंद. बिनमिठाचं वरण, बिनमिठाची भाकरी, बिनमिठाची भाजी. हे पाहायला आले, माझ्या ताटातला घास खाल्ला आणि एवढ्या आदराने माझ्याकडे पाहिलं की लग्नातही पाहिलं नव्हतं.

रविवार, ता. १ फेब्रुवारी

सूज उतरते आहे. जोडवी निघाली! बाळ आत लाथा मारतं. एकच आहे, इथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट पाहून सांगितलं. रोहण्याच्या भाजीवालीला एक मुळा परत द्यावा लागणार.

धुरपता भेटायला आली, सातवा संपलेलं पोट घेऊन, छोट्या आगगाडीने पुलगाव आणि तिथून मोठ्या गाडीने. तिने बातम्या आणल्या. आनंदाबाई आता पडवीत कोणाला काही विचारत नाहीत. आतल्या खोलीचं दार लावून, एकीला एकटी घेतात. पडदा जमिनीपर्यंत लांबवला. कोणाच्या सासूलाही आत घेत नाहीत. "अन् काय सांगू," धुरपता म्हणाली, "आतमंधी गेल्यावर बायका बाहेरच निघत नाईत. महिने सांगून झाले का नवऱ्याचं गाऱ्हाणं, मंग जावेचं. बाई म्हनते, मले उपाशी माराल तुम्ही."

आणि कुंपणावरचे म्हातारे? त्यांची फार गैरसोय झाली म्हणे. आता घरच्या बातम्या घरीच विचाराव्या लागतात.

सासूबाई माझ्या पलंगाखाली चटई टाकून राहतात. इथे बोलतच नाहीत. बाळ हललं की हात लावतात आणि चटकन काढून घेतात, चोरी करावी तसा. त्यांना वाटतं आपण बोललो, आता काही होणार. मी त्यांना विज्ञान सांगून पाहिलं. पैकीच्या पैकी गुण फुकट गेले.

गुरुवार, ता. ५

मुलगी.

जिवंत! रडते! एवढीशी आहे, आवाज मात्र तानाबाईंचा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबणं धोक्याचं. एरंडेल पाजून, सुई टोचून, दिवस भरायच्या आधीच कळा आणवल्या. मी ओरडले, खूप ओरडले. ह्यांचं नावसुद्धा घेतलं म्हणे, मोठ्याने! बाहेर हे ऐकून उभे राहिले म्हणे, जणू शाळेत हजेरी घेतली.

ती रडली तेव्हा मी गेलेल्या दोघांचं नाव मनात काढलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. आम्ही सगळे हिच्याकडेच पाहत होतो.

सोमवार, ता. ९

आज जे झालं त्यात माझीच मला लाज वाटते आणि गंमतही.

दुपारी तानाबाई गावाहून आल्या. काखेत नवं सूप, पदराच्या गाठीत चिंधी. सगळं ठरवूनच: "धुरपता घेईन म्हनते. तिले मी सांगून आली. चिंधीवर सौदा होऊन जाऊ दे, मंग तुमी सांभाळा."

आणि मी, सातवी पास, जिने इतकी पानं या विक्रीची टिंगल करण्यात घालवली, ती मी म्हणाले, "हो, विकून टाका. आपलं काय जातं? जगलेली बरी." माझाच आवाज तो! मूल हातात आलं की सगळी शाळा विसरते, हे मला माहीत नव्हतं. मला तिच्या प्रत्येक श्वासाची भीती वाटत होती. अजून वाटते.

सासूबाईंनी पोरीला माझ्या कुशीतून उचललं आणि छातीशी धरलं. आज हात काढून घेतला नाही.

"हिले इकायची नाई."

तानाबाई म्हणाल्या, "काऊन व? तुह्या हातानं तं तू..."

"माह्या हातानंच म्हनून सांगते. एक इकलं. जगला तो, नाई म्हनत नाई. पण माह्या नाई राह्यला. दारात पडला तं मी धावली, अन् तो तुह्याकडे हात करून रडला. तुह्या काय दोष नाई, तानाबाई. सौदा म्या केला होता." मग माझ्याकडे वळल्या. "कांते, तुले नाई समजत. इकलं का तोंडातून 'माह्या' हा शब्द जातो. ही माही नात हाये. मी दवाखान्यात बोलली, मोठ्यानं बोलली, अन् ही जगली. झाकून ठेवले ते दोन गेले. आता मी समद्या गावाले सांगीन. माही हाये म्हनून."

तानाबाई सूप घेऊन तशाच बसल्या. कितीतरी वेळ पदराची गाठ बोटांनी चाचपत होत्या. मला दोघींचंही वाईट वाटलं. कोणाचं जास्त, ते ठरवता आलं नाही.

मग पाहिलं तर दारात हे उभे होते, भाकरीचं फडकं हातात घेऊन. केव्हापासून उभे होते, कोण जाणे. फडकं माझ्या पायाशी ठेवलं आणि कापूस जिनिंगला न्यायचा आहे असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. कापूस केव्हाच जाऊन आलाय.

मंगळवार, ता. १०

सकाळी हे आले. दारातूनच हाक मारली — "माय!"

दोघी म्हाताऱ्या एकदम वळल्या. तानाबाईंनी ह्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पदराची गाठ सोडली, चिंधी काढून बाळाच्या ओल्या दुपट्याखाली घातली, आणि सासूबाईंना कोपराने ढोसलं.

"मले नाई व. तुले बलावून राह्यला."